एकोणीस जणांचं गाऱ्हाणं

माझ्या बायकोने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वालीच्या शेंगा सोलणं. पडवीत बसून. मी सोलत होतो आणि ती सोलता सोलता देवाशी बोलत होती.

"बा देवा म्हाराजा, उद्या दहावीतल्या विन्याचो गणिताचो सराव पेपर आसा. भूमितीत तो घोड्यासारखो आडता. त्याका मागसून ढकल, म्हाराजा." मग माझ्याकडे बघून, "होय म्हाराजा म्हणा मरे. कोणी होय म्हटल्याशिवाय ता वर पोचना नाय."

मी म्हटलं, "आधी शेंगा सोल गो." होय काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या चुलीपाशी तिला चक्कर आली. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही. झालं ते असं. याहून जास्त मला लिहिता येत नाही, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस आहे.

तिचं नाव सुलोचना. गावच्या हायस्कुलात ती पोरांची खिचडी शिजवायची. शाळेत सगळे तिला सुलूमावशी म्हणत. आणि तिला गाऱ्हाणं घालायचं वेड होतं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. देवापुढे उभं राहून मोठ्या आवाजात लोकांची बाजू मांडायची, आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. हे काम गावकराचं, म्हणजे गावच्या मानकऱ्याचं, देवळात, सणावाराला. ही बाई कुठंही घालायची. गॅसची टाकी आली नाही, घाल गाऱ्हाणं. शाळेच्या कॉम्प्युटरला रेंज नाही, घाल गाऱ्हाणं. हेडमास्तर बिचारे माऊस हातात धरून होय म्हाराजा म्हणायचे.

गावकराने एकदा तिला रस्त्यात अडवलं. म्हणाला, "सुलू, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

"देवान सांगल्यान काय तुका?"

"रीत आसा ती."

"मगे देवान कान झाकूचे. माझा तोंड मी झाकूचंय नाय."

गावकर पुन्हा कधी तिच्या वाटेला गेला नाही.

दरवर्षी दहावीच्या परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती एस.टी.च्या थांब्यावर उभी राहायची. पेपर तालुक्याच्या गावी असतात, पोरं सकाळच्या गाडीने जातात. गाडी येण्याआधी त्यांना रांगेत उभं करून ती गाऱ्हाणं घालायची, एकेकाचं नाव घेऊन. आणि नुसतं नाव नाही, त्याची खोडसुद्धा. आईबापांच्या देखत. देवापासून काय लपवायचं, असं तिचं म्हणणं. देवापासून नाही गो, त्याच्या बापापासून लपवायचं असतं, हे तिला कधी कळलं नाही.

यंदाची दहावी तिची फार लाडकी. एकोणीस जण. पाचवीपासून तिच्या हातचं खाल्लेले. पण शाळेची खिचडी आठवीपर्यंतच मिळते, तसा नियम आहे. नववीत गेली की पोरांना ताट नाही. हिने त्याच्यावर तोड काढली. पातेलं उतरलं की हाक मारायची, "नववीतल्यांनू, मीठ बघूक येवा रे!" एकोणीसच्या एकोणीस जण मीठ बघायला. वाटी वाटीभर. हेडमास्तरांनी पकडलं. "मावशी, मीठ बघायला एकोणीस माणसं लागतात?"

"सायेब, एकाच्या जिभेचो काय भरवसो?"

त्या जास्तीच्या खिचडीला तांदूळ आमच्या घरचे जायचे. मी ओरडायचो. ती म्हणायची, "आपणाक दोघांका कितको लागता?" आम्हाला मूल नाही. हे एकदाच लिहितो.

दहावीचा निरोप समारंभ तिच्या जाण्याच्या आठवड्यातच ठरला होता. पोरांनी हेडमास्तरांना सांगितलं, मावशीचे दिवस होऊ देत, मगच. म्हणून तो अगदी परीक्षेच्या आदल्या दिवशी झाला. मलाही बोलावलं. मी सांगून टाकलं होतं, खुर्चीवर बसेन, बोलणार नाही.

पोरं एकेक उठून शाळेच्या आठवणी सांगायला लागली. पाचवीत कोण रडत आला होता, सहलीला कोण हरवलं, गॅदरिंगला कुणाचं धोतर सुटलं. मला वाटलं सरांबद्दल बोलतील, पुस्तकांबद्दल बोलतील. पण कुठूनही सुरुवात केली तरी येऊन थांबत होती ती चुलीपाशीच.

विन्या म्हणाला, "आठवीत घटक चाचणीचो पेपर मी कोंबड्यांच्या खुराड्यात लपयलेलंय. माका वाटला कोणाक खबर नाय. सहामाहीच्या दिवशी मावशीन मैदानात गाऱ्हाणा घातल्यान, 'म्हाराजा, खुराड्यात कागद ठेवन मार्क वाढनत नाय, ता ह्या विन्याक समजय.' बापूस माझो फाटकात उभो!" सगळा वर्ग हसला. त्याचा बाप मागच्या बाकावर होता, तोही हसला. "पण त्या दिवसापासून पेपर घरात दाखवतंय," विन्या म्हणाला आणि बसला.

मग समिधा उठली. बारीकशी पोर, धामापूरच्या बाजूची, आजीकडे राहते. म्हणाली, "आठवीच्या वार्षिकला मावशी माझं नाव घ्यायला विसरली. अठराच नावं घेतली. मी काही बोलले नाही. पण मला गणित येत असून त्या दिवशी हात चालेना. दुसऱ्या दिवशी उजाडता मावशी आमच्या दारात. चालत आलेली. आजी म्हणाली, काय गो सुलू, काय झाला? तर मावशी म्हणाली, 'चूक झाली माझी.' आणि माझ्या एकटीसाठी पूर्ण गाऱ्हाणं घातलं. होय म्हाराजा म्हणायला फक्त आजी आणि आमची म्हस."

मी त्या दिवशी तिला विचारलं होतं, एवढ्या पहाटे खंय गेल्लंस? ती म्हणाली होती, पाय मोकळे करायला. धामापूर काय जवळ आहे? मी तिला वेडी म्हटलं होतं.

मग हेडमास्तर म्हणाले, "उद्या थांब्यावर गाऱ्हाणं घालायला आपण गावकरांना विनंती केली आहे."

वर्गात कुजबुज झाली. विन्या उभा राहिला. "सर, गावकरांका आमची नावा खंय म्हायत आसत? आबांनी घालूचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "माका येना नाय."

"आबा, तुमी रोज आयकलास."

"आयकणा वेगळा. आणि देवाशी माझा बोलणा बंद आसा सध्या." मी उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो. निरोपाचं जेवणही जेवलो नाही.

खरी गोष्ट मी पोरांना सांगितली नाही, इथे सांगतो. मला भीती वाटली. एकोणीस नावांतलं एखादं राहिलं, तर? तिच्यासारखी बाई एकदा चुकली. मला तर चार पोरांच्या पलीकडे कोणाचं नाव ठाऊक नाही. तिने सहा वर्षं घरात ही नावं घेतली आणि मी सहा वर्षं शेंगा सोलल्या. माझ्या चुकीने एखाद्या पोराचा हात चालला नाही, तर मी कोणाच्या दारात जाऊ?

रात्रभर तिचं 'होय म्हाराजा म्हणा मरे' कानात वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडता आंघोळ केली आणि थांब्यावर गेलो. पोरं होती, आईबाप होते, गावकर नारळ घेऊन तयार होता. मला बघून त्याने नारळ माझ्या हातात दिला. रीतीचा माणूस आहे, पण माणूस आहे.

मी पोरांना म्हटलं, "रांगेत उभे रवा. माका नावा येनत नाय. एकेकान मोठ्यान आपला नाव सांगा. कोणी लाजलो तर त्याचा नाव रवात."

एकेकाने नाव सांगितलं. छातीतून सांगितलं, गाव ऐकेल असं. प्रत्येक नावामागून मी तेच नाव घेतलं आणि लोक होय म्हाराजा म्हणाले. मधेच गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न मारला. मी हात वर करून त्याला थांबवलं. गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत. तोही खाली उतरला, पायातल्या चपला काढून उभा राहिला.

एकोणीस झाली. खोड मला विन्याची सोडून कोणाचीच माहीत नव्हती. म्हणून जे होतं ते सांगितलं.

"म्हाराजा, ह्यांची बाजू मांडणारा माणूस तू न्हेलंस. आता मी इलंय. माका सवय नाय, तेव्हा तूच जरा कान देवन आयक. ही पोरां बरी आसत. तिना वाढयलेली आसत. ह्यांका काय कमी पाडू नको."

"होय म्हाराजा!" ड्रायव्हरचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी नारळ फोडला. मग दाराशी उभा राहून पोरांना एकेक करून गाडीत चढवलं, एकोणीस पुरे झाले तेव्हा दार लावलं आणि कंडक्टरला म्हटलं, "सोड."