गुरुपाद अण्णांचा रकाना

आमच्या गुरुपाद अण्णांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या हाताला शिलाईसाठी दोन बोटं जागा कोरी सोडली होती.

"अण्णा, पडद्याला कोण शिवणार आहे जी?" मी भीत भीत विचारलं. मला तिथं लागून तीनच महिने झाले होते, आणि भीत भीत विचारण्याखेरीज दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मी काही विचारत नसे.

"आज न्हाय कोण शिवत," अण्णा म्हणाले. "उद्याचं काय सांगावं? एकदा छापून गेलं की मग रडून उपेग न्हाय, अक्का."

बाईमाणूस दिसलं की अण्णा त्याला अक्का म्हणत. वयाचा काही संबंध नव्हता. मी त्यांच्या निम्म्या वयाची, तरी अक्का. शाळेच्या मुख्याध्यापिका अक्का. बंद पडलेला कॉम्प्युटरही अक्काच: "आज अक्का रुसल्यात वाटतं." चालू असला की मात्र तो 'पावणं' होई. मशीन चालू असताना पुरुष आणि बंद पडलं की बाई का, हे विचारायचं माझ्या मनात होतं. पण नोकरीही टिकवायची होती.

अण्णांचा छापखाना मंगळवार पेठेत. तीन पिढ्यांचा. लग्नपत्रिका नाहीत, कॅलेंडरं नाहीत. फक्त शाळेचे कागद. हजेरीची पुस्तकं, जनरल रजिस्टर, प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचे दाखले. जिल्ह्यातली निम्मी पोरं आमच्या रकान्यांत लहानाची मोठी झाली, असं अण्णा सांगत, आणि ते खरंही असावं. अशा माणसानं वयाची पन्नाशी ओलांडल्यावर शाळांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहायला घेतला. म्हणजे शाळांना रजिस्टरं विकत घ्यावीच लागू नयेत, याची सोय रजिस्टरं विकणाराच करत होता. धाकटे भाऊ चनबसू रोज सकाळी देवपूजा झाली की छापखान्यात येऊन एकच वाक्य म्हणत, "दादा, आपल्याच हिरीत आपण माती ढकलाय लागलाय." आणि अण्णांचं ठरलेलं उत्तर, "हिरीत पाणी असलं तर बुजंल. तू चा घे."

मी तिथं कशी, तेही सांगते. माहेर भंडारा जिल्ह्यात, तुमसरकडे. यजमानांना शिरोलीच्या फाउंड्रीत काम लागलं आणि मी महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला येऊन पडले. इथली भाषा मला भांडणासारखी वाटे. पहिल्या आठवड्यात घरमालकीण "जेवलीस का गं?" म्हणून ओरडली, तर मी माफी मागितली. माझ्या 'हो जी, नाही जी'ला सगळी गल्ली हसायची. मराठी टायपिंग मात्र येत होतं. गावी एका दुकानात शिकले होते. अण्णांनी विचारलं, "शिक्षान किती?" मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि म्हणाले, "बारावी."

मी नववीतून शाळा सोडलेली. बारावी कुठून आली, देव जाणे. साऱ्या जिल्ह्याचे दाखले छापणाऱ्या माणसानं माझा दाखला मागितला नाही. त्या दिवसापासून मी अण्णांची अतोनात ऋणी होते आणि त्यांना अतोनात घाबरत होते. ही दोन्ही कामं एकदम करायला बरीच ताकद लागते. मी दुपारचा डबा दोन वेळा खात असे.

प्रोग्रामचं खूळ निघालं ते असं. पुण्याकडचा एक विक्रेता शाळांसाठी तयार प्रोग्राम घेऊन आला होता. अण्णांनी तो दोन तास बघितला आणि विचारलं, "आत काय लिवलंय ते दावा की." विक्रेता म्हणाला, ते दाखवता येत नाही, ते कंपनीचं असतं.

"म्हंजे चूक निघाली तर?"

"आम्हाला फोन करायचा."

अण्णा चार दिवस अस्वस्थ होते. "अक्का, हजेरीच्या रकान्याचा कोण मालक असतोय व्हय?" ते मला विचारत, जणू मीच तो रकाना कुलपात घातला होता. "आमच्या आज्जानं छापला, पलीकडच्या गल्लीतल्यानं बघून छापला, सांगलीवाल्यानं त्याचं बघून छापला. कुणी कुणाला इचारलं न्हाय. त्यात सुधारणा हुत गेली. आणि हे म्हणत्यात आत बघायचं न्हाय!" मग एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यांच्या हाती लागली. जगभरातली माणसं प्रोग्राम लिहून उघडे ठेवतात, कुणीही वाचावेत, सुधारावेत, पुढे द्यावेत, असं त्यात होतं. अण्णांना ही कल्पना नवीन वाटलीच नाही. सांगलीवाल्यांचीच कुणी भावकी असावी, असं त्यांचं मत पडलं.

पण त्यांची काम करायची रीत छापखान्याची. प्रोग्राम ते छपाईतून उरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनं लिहीत. मी तो टाइप करायचा. मग त्याचं प्रूफ काढायचं. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून ते वाचायचो, छापायच्या आधी दाखला तपासावा तसं. ते मोठ्यानं म्हणत, "कंस सुरू. बरोबर. स्वल्पविराम. कंस बंद." मी बोट ठेवून "आहे जी" म्हणायची. एक अक्षर मला कळत नव्हतं. पण उघडलेला कंस बंद झाला नाही की मला चैन पडायचं नाही, दार उघडं टाकून बाहेर पडल्यासारखं. प्रोग्राम अडला की चूक बहुतेक वेळा मीच काढायची. "बगा!" अण्णा चनबसूंना सांगत, "शिकलेलं माणूस हाय!" मी मान खाली घालून की-बोर्ड पुसायला लागायची. त्याला पुसायची गरजही असे, कारण अण्णा पुढचं पान बघायचं झालं की अंगठा जिभेला लावून मगच बटण दाबत. ते एक बटण कायम ओलं असे.

प्रोग्राम खुला म्हणजे खुला. सीडीबरोबर आतलं सगळं लिखाण छापून, लाल कापडी पाठ लावून, तीनशे पानांचा ग्रंथ प्रत्येक शाळेला द्यायचा असं ठरलं. पहिली प्रत एका ओळखीच्या हेडक्लार्कना दिली. त्यांनी ती दसऱ्याला पूजेत मांडली. वाचली का, म्हणून अण्णांनी विचारलं, तर ते म्हणाले, "संस्कृत आपल्याला कुठलं येतंय, अण्णा?"

प्रोग्राम पुरा व्हायला दोन वर्षं जवळ आली. तो तपासायला नमुन्याची पोरं लागत होती. चाळीस नावं भरा, असं अण्णांनी सांगितलं. माझ्या नात्यातली सगळी माणसं मी पाचवी ते दहावीत घातली. सासूबाई सहावीत बसल्या. यजमानांना मी चित्रकलेत नापास केलं. मग अण्णा म्हणाले, "ह्यात एक तरी पोरगं शाळा सोडून गेलेलं पायजे. त्याबिगर दाखला कसा तपासायचा?"

बसल्या बसल्या कुणाचं नाव शाळेतून कमी करायचं? माझा हात होईना. सासूबाईंचंसुद्धा. शेवटी मी स्वतःलाच घातलं. कुमारी प्रमिला डोमाजी लांजेवार, इयत्ता नववी. शाळा सोडल्याचं कारण, या रकान्याशी येऊन थांबले. माझ्या खऱ्या दाखल्यावर तिथं 'सतत गैरहजर' असं लिहिलेलं आहे. तो दाखला ट्रंकेत तळाशी असतो. गैरहजर! मी तर सतत हजरच होते, फक्त घरी. म्हणून मी खरं कारण टाइप करायला घेतलं. पण अण्णांनी पडद्यावरचा रकाना छापील रजिस्टराएवढाच ठेवला होता, आणि माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं: 'घरी तान्हा भाऊ सांभा'.

मग ध्यानात आलं. हे अण्णांनी बघितलं तर? मी नाव पुसायला गेले, तर पुसायचं बटणच नाही. जनरल रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, तिथं एकदा आलेलं पोरगं कधीच जात नाही, म्हणून प्रोग्राममध्येही अण्णांनी ती सोय ठेवली नव्हती. "पोरगं खोडायचं नसतंय, अक्का," असं त्यांनीच मला बजावलेलं, आणि ती ओळ मीच टाइप केलेली, कंस मोजून. जगातला प्रत्येक प्रोग्राम मला खोडू देत होता, एवढा एक सोडून.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मुरगुडच्या एका हायस्कुलानं बोलावलं. ती शाळा 'हो' म्हणाली असती तर आजूबाजूच्या पाच-सहा शाळा मागून येणार होत्या. नाही म्हणाली असती तर चनबसू छापखान्यातला कॉम्प्युटर उचलून बाहेर ठेवणार होते, तसं त्यांनी सांगितलंच होतं. आम्ही एस्टीनं निघालो. मॉनिटर गोधडीत गुंडाळून अण्णांच्या मांडीवर, बाकीचा ऐवज माझ्या पायाशी. मी वाटेत देवाला एकच मागत होते: कुणीही दाखला मागू नये.

सगळं छान चाललं. हजेरी दाखवली, पटसंख्या दाखवली, सासूबाईंचं प्रगतिपुस्तक दाखवलं. मुख्याध्यापक खूश. ते म्हणाले, "एक दाखला काढून दावा बगू."

"अक्का, सोडून गेलेलं पोरगं काढा," अण्णा म्हणाले.

"सगळी हजर आहेत जी," मी म्हणाले.

"असं कसं? मीच सांगितलंतं एक घालाय." आणि त्यांनी अंगठा जिभेला लावला.

पडद्यावर मी आले. शाळेचे क्लार्क पुढं वाकून, वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचायला लागले. "कुमारी प्रमिला डोमाजी लांजेवार. तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. इयत्ता नववी. कारण, घरी तान्हा भाऊ सांभा... सांभा काय ह्ये?"

मुख्याध्यापक हसले. "असलं लांबडं कारण कोण लिवत बसतंय, पावणं? सतत गैरहजर म्हणायचं. दोन शब्दांत भागतंय. आमी सगळ्यांना तेच लिवतो."

"बाई," क्लार्क माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरगी तुमच्याच भागातली दिसती की!"

मी खिडकीबाहेर बघत होते. तिथं एक म्हैस होती. मला तिचा हेवा वाटला.

अण्णांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मग खाली वाकून सरळ वायर ओढली. पावण्यांच्या अक्का झाल्या आणि पडदा एकदम काळा पडला.

"काय झालं वो?" मुख्याध्यापक.

"चूक हाय," अण्णा म्हणाले. "रकाना चुकलाय. दुरुस्त करून आणतो."

"आवो, चालतंय की तेवढं! आमी घ्याय तयार हाय!"

"न्हाय. चुकीचं छापलेलं मी देत न्हाय." आणि ते गोधडी गुंडाळायला लागले.

परतीच्या एस्टीत मी एकदम टोकाशी बसले, काढून टाकलेल्या माणसाला जेवढी जागा लागते तेवढीच घेऊन. मॉनिटर आमच्या दोघांच्या मधे. घरी यजमानांना काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत होते. निढोरी मागं पडली तेव्हा मला राहवेना.

"अण्णा, मी बारावी नाही जी."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "बारावी झालेलं माणूस बारावी सांगताना उठून हुबं ऱ्हात न्हाय."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं मी रोज ज्याला घाबरले, ते त्यांना माझ्या आधी माहीत होतं. मी नुसतं "हो जी" म्हटलं.

"सांभाच्या फुडं काय हुतं?"

"काय?"

"रकान्यात. तुटलं न्हवं का वाक्य. फुडं काय लिवायचं हुतं? सगळं सांगा. किती अक्षरं लागत्यात बगू."

मी सांगायला लागले. आधी दाखल्याच्या भाषेत: घरी तान्हा भाऊ सांभाळण्यास कोणी नसल्याने. अण्णा गोधडीवर एकेक बोट टेकवत अक्षरं मोजत होते. मी थांबले तर म्हणाले, "एवढंच?" एवढंच नव्हतं. आईला बाळंतपणानंतर उठता येत नव्हतं. बाबा धानाच्या शेतावर कामाला जायचे. भाऊ खांद्यावर घेतला तरच झोपायचा, म्हणून मी त्याला घेऊन शाळेच्या कुंपणापर्यंत जायची, आणि बाहेरून ऐकू येईल तेवढं गणित शिकायची. बाई हजेरी घ्यायच्या, माझं नाव यायचं, मी कुंपणाबाहेरून "हजर" म्हणायची. हळूच. भाऊ उठेल म्हणून. बाईंना ऐकू जात नसे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. यजमानांनासुद्धा नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

कागल आलं आणि गेलं. "झालं जी," मी म्हणाले.

अण्णांची बोटं गोधडीवर तशीच टेकलेली. आकडा काही त्यांनी सांगितला नाही. म्हणाले, "त्यो रकाना आमच्या आज्जानं एक इंचाचा केला, अक्का. कागद वाचावा म्हणून. बाबांनी तसाच ठेवला. मीबी तसाच ठेवला. एक इंचात पोरगं काय सांगणार?"

त्यांनी मान खिडकीकडं वळवली आणि उपरण्याच्या टोकानं मॉनिटरची काच पुसायला लागले. काच गोधडीच्या आत होती.