सक्तीचा कल्ला

मे महिन्यात दिवस मावळल्यानंतर मुलांनी गल्लीत खेळणे ही बाब मंगळवार पेठेत पूर्वापार चालत आलेली असून तिला आजवर कुणाची लेखी हरकत नव्हती. ती यंदा आली. हरकत घेणारे आकाराम चौगुले हे सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. हयातभर दुसऱ्यांच्या तक्रारींवर शिक्के मारले, पण स्वतःची अशी एक तक्रार करायची राहूनच गेली, ही सल त्यांना होतीच. गल्लीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारच्या गल्लीला वाईट वाटेल, की आमच्यात काय कमी होतं म्हणून.

कारणही तसंच भारी होतं. निवृत्तीनंतर आकारामरावांना मोबाइलवरच्या एका व्हिडिओत उपवास सापडला होता. संध्याकाळी सातला तोंडाला कुलूप घालायचं, ते दुसऱ्या दिवशी अकराला काढायचं. कुणी भेटलं की ते सदरा वर करून आत गेलेलं पोट दाखवायचे. पोट होतं तिथंच होतं, पण कोल्हापुरात वयस्कर माणसाला तोंडावर खोटं कोण म्हणणार? बघता बघता अख्ख्या गल्लीनं कुलूप घातलं. तांबडा-पांढरा रस्सासुद्धा भर दुपारी घाम पुसत ओरपला जाऊ लागला. शेवटी तरुण मंडळानं महिनाअखेरच्या रविवारी आकारामरावांना 'आरोग्यभूषण' करायचं ठरवलं. फेटा, शाल, नारळ आणि मुख्य म्हणजे त्यांचं भाषण.

त्या भाषणाची तालीम ते रोज कट्ट्यावर उभे राहून करायचे. समोर मुलांचा फुटबॉल.

"मित्रहो, जिभेवर ताबा म्हणजे..."

"फाऊल हाय! फाऊल!"

"...म्हणजेच आयुष्यावर..."

"तुझ्या आज्जीचा फाऊल!"

सगळ्यांत मोठा आवाज अनुजाचा. ही गोलकीपर. रंकाळ्यावर उभी राहून तिनं हाक मारली, तर पन्हाळ्यावर फिरायला आलेलं पावणं वळून बघायचं.

"ए पोरी, कल्ला बंद करा!" आकारामराव गरजले.

"आजोबा, कल्ला न करता गोल कसा मारायचा? तुम्ही मारून दाखवा की!"

झालं. आकारामरावांनी तीन प्रतींत अर्ज ठोकला. यथावकाश एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन मोटारसायकलवरून आले. त्यांनी यंत्र कट्ट्यावर ठेवलं, चहा घेतला, मुलांना "नेहमीप्रमाणे वागा" असं सांगितलं. मुलं नेहमीप्रमाणे वागली. अहवाल आला तो असा: 'सदर गल्लीतील सर्वोच्च आवाजाची नोंद तक्रारदार स्वतः "गप बसा रं कार्ट्यांनो" असे ओरडले त्या क्षणी झाली आहे. सबब, तक्रारदारास शांत केल्यास प्रश्न निकाली निघेल.'

एवढा अपमान झाल्यावर प्रश्न निकाली निघू देणं शक्यच नव्हतं. मंडळाचा अध्यक्ष सम्राट हा व्यायामशाळेत वजनं उचलणारा गडी. त्याच्या अध्यक्षतेखाली ध्वनी नियंत्रण उपसमिती बसली. बसली म्हणजे उभी राहून भांडली. समितीचा आवाज एवढा चढला, की मुलं खेळ थांबवून बघायला आली. अखेर नियम मंजूर झाले. गोल झाल्यास आनंद मनातल्या मनात मानावा. फाऊलची हरकत रुमाल हलवून नोंदवावी. पडल्यास रडण्यासाठी आपापल्या घरी जावे. नियम मोडल्यास बॉल कायमचा जप्त.

बॉलचं नाव काढल्यावर मुलांचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत फुटबॉल असा सुरू झाला, जणू कुणाच्या तरी दुखवट्याला जमून सगळी पळतायत. गोल झाला. अनुजानं डोळे मिटून दुःख मानलं, समोरच्यांनी ओठ दाबून आनंद मानला. आकारामरावांनी भाषण खणखणीत म्हणून घेतलं आणि आठच्या सुमारास समाधानानं घरात गेले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. उपवास जसा आकारामरावांनी गल्लीत आणला, तसाच तो टिकवायचा उपायही त्यांच्याकडं होता. जिन्याखाली, मोडक्या कूलरच्या मागं, एक डबा होता. त्यात कुरमुऱ्यांचं, लसूण घातलेलं भडंग. रोज आठला अंधारात उभं राहून ते दोन-चार मुठी मारायचे. उभ्यानं खाल्लेलं उपवासात धरत नाहीत, हा त्यांचा स्वतःचा शोध होता. व्हिडिओत तो नव्हता.

त्यांनी झाकण काढलं. पहिली मूठ तोंडात टाकली.

कुर्रम!

आकारामराव दचकले. माणूस भडंग खातो तेव्हा एवढा आवाज होतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. रोज बाहेर फाऊलवरून मारामारी चाललेली, आपल्या दातांचा आवाज ऐकलाय कुणी! त्यांनी चावणं थांबवलं. तोंडातलं तोंडातच भिजवून गिळावं असा विचार केला, पण शेंगदाणा काही ऐकेना.

तेवढ्यात समोरच्या घरातून आवाज आला. कुर्रम.

ते सम्राटचं घर. मग शेजारून कटकन शंकरपाळी मोडली. त्याच्या पलीकडं पापड. मग वरच्या मजल्यावर काहीतरी जाड, बहुधा चकली. साऱ्या उपाशी गल्लीचे दात बंद खिडक्यांमागून एकमेकांना उत्तर देत होते. बाहेर मुलं बॉलवर पाय ठेवून कान टवकारून उभी. शेवटचं कुर्रम तर आकारामरावांच्या स्वतःच्याच स्वयंपाकघरातून आलं.

"बायडा? काय गं ते?"

"काय न्हाय वं," आतून त्यांच्या पत्नी बायडाबाईंचा भरल्या तोंडाचा आवाज आला, "पाल पडली."

"पाल कुरकुरीत हुती काय?"

"तुम्ही जिन्याखाली काय करतायसा?"

"ध्यान."

एवढ्यात कट्ट्यावरून महावीर आण्णा बोलले. हे जैन गृहस्थ. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा त्यांच्या घरचा नेम, आणि तो त्यांनी जन्मभर पाळलेला; पण मोबाइलवर न टाकल्यामुळं गल्लीच्या लक्षात कधी आला नव्हता.

"अनुजा, गोल झाला काय गं?"

अनुजानं नियमाप्रमाणं नकारार्थी रुमाल हलवला.

"मग गल्लीत एवढं काय मोडतंय?"

दुसऱ्या दिवशी उपसमितीनं एकमतानं जाहीर केलं, की गल्लीत उंदीर झाले आहेत.

"सगळ्या घरात बरोबर आठलाच येत्यात व्हय?" महावीर आण्णांनी विचारलं. "शिस्तीचं उंदीर हायत."

एकदा उंदीर जाहीर झाले म्हटल्यावर उंदीर पकडणाऱ्याला बोलावणं आलंच. तो माणूस कामाचा निघाला. घरोघरी फिरून त्यानं माळे, कोनाडे, कपाटांच्या मागच्या जागा तपासल्या आणि जिन्याखालचा डबा हातात घेऊन आकारामरावांसमोर उभा राहिला.

"पावणं, हा उंदीर खाऊन झाल्यावर झाकण लावतोय. वर वीट ठेवतोय. असला उंदीर मी अख्ख्या नोकरीत बघितला न्हाय. रविवारी शाल घालायची तर ह्यालाच घाला की!"

आकारामरावांनी डबा काढून घेतला आणि मनाशी हिशेब मांडला. रविवारी सत्कार. पाहुणे मोठे, म्हणजे सहाचा कार्यक्रम आठला सुरू होणार. बरोबर आठला, त्या स्मशानशांततेत, आपण जिभेवर ताबा म्हणणार आणि समोरची सगळी घरं कुर्रम म्हणणार. फेटा राहिला बाजूला, पेठेत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

तातडीची बैठक भरली. भडंगाचा शब्द कुणी काढला नाही. सम्राटनं घसा खाकरून ठराव मांडला: 'मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी कल्ला अत्यावश्यक असल्याने रोज सायंकाळी आठ ते साडेआठ या वेळेत तो सक्तीचा करण्यात येत आहे. कुचराई केल्यास बॉल जप्त.' ठराव कुजबुजत मंजूर झाला.

आकारामराव स्वतः तो सांगायला गेले. अनुजा बॉलवर बसली होती.

"आम्हाला न्हाय जमायचं, आजोबा."

"का गं? परवापर्यंत तर घसा फाटंस्तोवर वरडत हुतीस!"

"परवा नियम नव्हता. आता गप बसायची सवय लागली. आणि गप बसल्यावर लई कायकाय ऐकू येतंय." ती गोड हसली. "रविवारी तुमच्या भाषणाला तर आम्ही पुढं बसून एकदम गप्प राहणार. बॉल न्यायचा तर न्या."

आवक-जावक विभागात आयुष्य गेल्यामुळं समोरचा कुठल्या भाषेत बोलतोय, हे आकारामरावांना लगेच कळलं.

"काय पायजे बोल."

"गल्लीतल्या सगळ्या गाड्या संध्याकाळी कोपऱ्यावर लावायच्या. नऊ वाजेपर्यंत खेळ. आणि जिन्याखालचं अर्धं."

"अर्धं?"

"आम्ही टीम हाय. तुम्ही एकटंच की!"

रविवारी पाहुणे आले ते ठरल्याप्रमाणं उशिरानंच. फेटा बांधला, शाल पडली, आणि आठाच्या ठोक्याला आकारामराव बोलायला उभे राहिले. त्याच क्षणी स्टेजमागं मॅच सुरू झाली. अनुजानं अशी काही आरोळी ठोकली, की माइक लाजला. भाषणाचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. आकारामरावांचे हात हलत होते, मिश्या हलत होत्या, आणि समोरच्या खुर्च्यांवर झाडून सगळ्यांचे जबडे हलत होते. मध्येच प्रमुख पाहुणे सम्राटच्या कानाशी ओरडले, "तोंडात टाकायला काही आहे का हो?" सम्राटनं खिशातून मूठ काढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं प्रभावी भाषण पेठेत आजवर झालं नाही, असं पाहुणे जाताना म्हणाले.

महावीर आण्णा तेवढे रिकाम्या तोंडानं टाळ्या वाजवत होते. "आमच्यात हे आज्ज्या-पणज्यापास्नं चाललंय," ते शेजाऱ्याला म्हणाले, "शाल कुणी दिली न्हाय, म्हणून डबाबी लपवावा लागला न्हाय."

शेजाऱ्याला ऐकू गेलं नाही. गोल झाला होता.

तेव्हा तुमच्याही गल्लीत संध्याकाळी मुलं कल्ला करत असतील आणि तक्रार करायला तुमची जीभ वळवळत असेल, तर ती जीभ आधी काय चघळतेय ते बघा. आणि ही गोष्ट वाचता वाचता जो हात हळूच वाटीत गेलाय, तो तिथंच थांबवा. मुलं आत्ताच जेवायला घरी गेली. गल्ली एकदम शांत आहे, आणि आण्णा अजून कट्ट्यावर बसलेत.