क्लेटनने देवाचं नाव काढलं

एगोन मॅडसेन बावीस वर्षं गावच्या चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष होता आणि देवावर त्याचा विश्वास नव्हता. डेन्मार्कच्या त्या कोपऱ्यात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दर रविवारी आत पाद्री चार म्हाताऱ्यांना प्रवचन देई, तेव्हा एगोन बाहेर बायकोच्या थडग्याभोवतीची झुडपं कातरत बसे. दहाला घंटा व्हायची. ती घंटा बायकोला फार आवडायची.

आता ती घंटाच जायची वेळ आली होती. येत्या रविवारी बिशपबाई येऊन, माणसं किती जमतात ते बघून, हे चर्च बंद करायचं की शेजारच्या गावचं ते ठरवणार होत्या.

"एवढंच ना?" टेनेसीहून आलेला जावई क्लेटन म्हणाला. "माणसं मी गोळा करतो."

सोमवारपासून तो घरोघर फिरू लागला आणि दारातच विचारू लागला, "तुमचा देवावर विश्वास आहे का?"

गावाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाद्र्याने तर मुळीच नाही. तो सभ्य माणूस होता. पण विचारलंय तर खरं उत्तर दिलं पाहिजे, म्हणून लोक विचार करायला बसले. गुरुवारपर्यंत एगोनच्या टेबलावर चर्चच्या सभासदत्वाचे नऊ राजीनामे आले.

पहिला निवृत्त शिक्षिका बिर्गिटचा. एगोन तडक तिच्या घरी गेला.

"अगं, हे काय आरंभलंयस?"

"तुझ्या जावयाने विचारलं. दोन दिवस विचार केला. नाहीये माझा विश्वास."

"माझा तरी कुठे आहे? मी करतो का बोभाटा?"

"मग त्याला आवर की!"

एगोनने क्लेटनला बागेच्या कामाला जुंपलं आणि किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'या रविवारची घंटा बहुधा शेवटची.' देवाचा उल्लेख कटाक्षाने टाळला.

रविवारी बसायला जागा उरली नाही. राजीनामे दिलेले नऊही जण पहिल्या बाकावर, सगळ्यांत संतापलेले.

"तू तर सोडलंस ना?" एगोन बिर्गिटच्या कानात पुटपुटला.

"मी देवाचा राजीनामा दिलाय. चर्चला हात लावून बघू देत!" ती म्हणाली आणि पुस्तक न उघडता चारही गाणी खणखणीत म्हणाली.

बिशपबाईंचे डोळे पाणावले. 'जागृत गाव' असा शेरा मारून त्यांनी शेजारचं चर्च बंद केलं. क्लेटन तर हमसून हमसून रडला.

पुढच्या रविवारी आत पुन्हा चार म्हाताऱ्या. एगोन कात्री घेऊन निघाला, तर क्लेटन गाडी बाहेर काढत होता.

"कुठे?"

"शहरात. तिथे एक चर्च सापडलंय. गिटार असते, कॉफीही बरी. तुमच्या पाद्र्याचं प्रवचन फारच मिळमिळीत हो."

"म्हणजे... दुसऱ्या चर्चला?"

"त्यात काय? तिकडे टेनेसीत आम्ही आतापर्यंत चार बदललीत."

गाडी वळणाआड गेली. घंटा सुरू झाली. एगोन कात्री घेऊन तसाच घरात परतला. मग मुलीला बाजूला घेऊन, आवाज उतरवून त्याने विचारलं,

"मेटे, खरं सांग. हा माणूस नास्तिक तर नाही ना?"