आधी तुम्ही

ॲरिझोनातल्या गोल्डन मेसा या ज्येष्ठांच्या वसाहतीत कोणीही म्हातारं नाही, असा तिथल्या रहिवासी मंडळाचा एकमताने झालेला ठराव आहे. तरीही बर्निस टॉलेफसनबाईंनी गाडी थेट बँकेच्या दारातून आत नेली, तेव्हा त्यांच्या मुलीने, कॅरिनने, मिनेसोटाहून येऊन चावी काढून घेतली आणि आपली आपण चालणारी गाडी दारात उभी केली. "आई, आता तू मोकळी!" ती म्हणाली. बाई खरोखरच हरखल्या. स्टीयरिंग नाही, त्यामुळे पाय पसरायला ऐसपैस जागा; आणि गाडीचा आवाज तर असा गोड की कैलासवासी टॉलेफसन उभ्या संसारात तसं एकदा बोलला असेल तर शपथ!

वसाहतीतली बहुतेक मंडळी मूळची मिनेसोटाची, म्हणजे सभ्यपणाची हद्द. चौकात चारही गाड्यांनी थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी निघायचं, एवढा सरळ कायदा. पण ही माणसं काचेआडून हात हलवत "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत बसायची. आता वसाहतीत घरोघरी आपली आपण चालणारी गाडी होती; कंपनीने या गाड्यांना वळण लावलं ते याच माणसांचं पाहून, आणि ते भलतंच पक्कं लागलं.

त्या शनिवारी तीन वाजता बर्निसबाईंचं लग्न होतं. नवरदेव शेजारच्या गल्लीतले ऑर्व्हिल लुंडक्विस्ट. सभागृह चारपर्यंतच मिळालं होतं, कारण चारला तिथे रात्रीचं जेवण सुरू होतं. आज हुकलं तर पुढची तारीख सात महिन्यांनी. "आमच्या वयात सात महिने म्हणजे काय खायचं काम आहे?" बाई म्हणाल्या.

लग्नाआधी नवऱ्याने नवरीला पाहू नये म्हणून दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून निघाली आणि पहिल्याच चौकात समोरासमोर आली. उजवीकडून लग्न लावणारे पाद्री विल्मर आले. डावीकडून एक रिकामी गाडी आली. ती स्वतःच्या चार्जिंगला निघाली होती. चारही गाड्या एकमेकींना वाट देत जागच्या जागी थांबल्या.

"अगं, चल ना भवाने!" बाई गाडीवर खेकसल्या.

"आधी ते," गाडी म्हणाली.

"मग दार उघड, जाते मी चालत."

"बाहेर ऊन आहे. तुमच्या काळजीपोटी दार बंद आहे."

चारही गाड्यांच्या काचा मात्र चार-चार बोटं खाली आल्या. बाईंनी मंडळाला फोन लावला. अध्यक्षांनी तातडीची बैठक घेतली, चहापाणी झालं आणि ठराव आला: सर्वांत ज्येष्ठ प्रवाशाची गाडी आधी, वय प्रवाशाने स्वतः मोठ्याने जाहीर करावं, खोटं निघाल्यास गाडी हलणार नाही.

बाईंची पंचाईत झाली. ऑर्व्हिलला त्यांनी चौऱ्याहत्तर सांगितलं होतं. खरं बोलावं तर नवरा जातो, खोटं बोलावं तर मुहूर्त! शेवटी डोळे गच्च मिटून त्या ओरडल्या, "चौऱ्याऐंशी!"

मग समोरून ऑर्व्हिलचा आवाज आला. "हात्तिच्या, एवढंच ना? अगं, मी अठ्ठ्याऐंशीचा! पण दात माझेच आहेत हं."

"तेही खोटं," पाद्री पुटपुटले. त्यांचा आणि ऑर्व्हिलचा दंतवैद्य एकच होता.

म्हणजे ठरावानुसार ऑर्व्हिलची गाडी आधी. पण ती म्हणाली, "आधी बाई." बाईंची म्हणाली, "आधी वडीलधारे." रिकाम्या गाडीने सगळ्यांची माफी मागितली.

पावणेचार झाले. बाई कडाडल्या, "विल्मर, इथेच उरकून टाका!"

पाद्रीबुवांनी फटीला तोंड लावलं. "ऑर्व्हिल, मान्य?"

"मान्य!"

"बर्निस, तुला?"

"कधीचीच तयार आहे, पण ही मेली सोडेल तर!"

असं गोल्डन मेसातलं सर्वांत गोड लग्न लागलं. नवरानवरीने काचेच्या फटीतून एकमेकांकडे चुंबनं फेकली आणि बाईंना हसता हसता रडू फुटलं.

तिकडे मिनेसोटात कॅरिनने फोन उघडला. नकाशावर आईचं टिंब तासाभरात जागचं हललं नव्हतं. तिला केवढा धीर आला! तिने लगेच लिहिलं, "शहाणी गं माझी आई! कुठ्ठे म्हणून धडपडत नाही."

बरं, तुमची आई आत्ता कुठे आहे? खोलीतच? दुपारपासून? मग काय, काळजी मिटली. चालू द्या तुमचं वाचन.