बसून न बघता घेतलेल्या खुर्च्या

"ही बैठकीची खोली आहे की तालीम?" ताईने दारातूनच विचारलं आणि दातांच्या डॉक्टरांचा चेहरा पडला.

खोली लहानशीच होती. राखाडी भिंती, काळं पुस्तकांचं कपाट, गडद तपकिरी चामड्याचा सोफा, कोपऱ्यात मान वाकवलेला उंच लोखंडी दिवा आणि खिडकीखाली डंबेल्स. चाळिशी उलटलेल्या एकट्या पुरुषाने स्वतःच्या हाताने सजवलेली खोली होती ती, आणि डॉक्टरांना तिचा मनातून अभिमान होता. आता मात्र तो डळमळला. कारण रविवारी ग्रंथपालबाई वडिलांना घेऊन चहाला येणार होत्या.

दवाखान्यासमोरच्या ग्रंथालयात पुस्तकं उशिरा परत करता करता डॉक्टरांची या बाईंशी ओळख झाली होती. दंड भरायला ते जरा जास्तच उत्साहाने जातात, हे बाईंच्याही लक्षात आलं होतं. आता वडिलांनी एकदा घर आणि माणूस बघितला की पुढचं ठरणार होतं. वडील होते गाडी चालवण्याची परीक्षा घेणारे निवृत्त अधिकारी. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलं होतं, म्हणे, आणि तेही एक शब्द न बोलता.

"तिघं काय एका सोफ्यावर ओळीने बसणार? बसची वाट बघत असल्यासारखे?" ताई म्हणाली. "समोरासमोर बसायला दोन चांगल्या खुर्च्या आण. जरा उठून दिसतील अशा. आणि हे बघ, बसून बघून घे."

"मी खुर्च्यांमधला माणूस आहे, ताई," डॉक्टर म्हणाले. "उभा जन्म खुर्चीपाशी गेलाय माझा."

खोट तिथेच होती. डॉक्टरांचा उभा जन्म खुर्चीपाशी गेला होता, खुर्चीत नव्हे. खुर्ची ही दुसऱ्याने बसायची आणि आपण शेजारी उभं राहायची वस्तू, हे त्यांच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की त्यांना ते कळतही नव्हतं.

दुकानात शिरल्यावर ते एकाही खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी दुकानदारालाच बसवलं.

"साहेब, याला ॲक्सेंट चेअर म्हणतात," दुकानदार बसल्या बसल्या सांगू लागला. "सगळी खोली साधी असली तरी ही एक—"

"जरा मागे व्हा. मान सैल सोडा."

दुकानदाराने मान सैल सोडली. डॉक्टर एकदा डावीकडून वाकले, एकदा उजवीकडून. पहिली खुर्ची फार बुटकी, त्यांची कंबर धरली. दुसरीला डोकं टेकायला जागा नाही. तिसरी सुरेख होती, गोलसर आणि गवती रंगाची, पण तिला हात नव्हते. "माणसाने धरायचं काय?" असं डॉक्टरांनी विचारलं, आणि चहा पिताना माणूस काय धरतो ते दुकानदाराला आठवेना. शेवटी एक मनात भरली. गडद हिरवं चामडं, उंच पाठ, डोक्यापाशी उशी, भक्कम हात, आणि बाजूची कळ ओढली की पाठ मागे जाऊन पाय वर.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "अगदी सगळं दिसतंय."

"काय दिसतंय, साहेब?" दुकानदाराने आडव्या अवस्थेत विचारलं. त्याचं तोंड आपोआप उघडलं होतं. ते मिटून त्याने झटपट दोन खुर्च्या बांधायला घेतल्या.

शनिवारी खुर्च्या आल्या आणि खोली संपली. दार अर्धंच उघडू लागलं. सोफा भिंतीला लोटावा लागला, तरी खुर्च्यांनी त्याची वाट अशी अडवली की सोफ्यावर पोचायला खुर्चीवरूनच उडी मारावी लागली असती. डंबेल्स मोरीत गेले. खुर्च्यांसाठी जागा उरली ती फक्त दिव्याखाली. दिव्याची मान बरोबर डोक्यावर आली. शेजारी चहासाठी एक टेबल ठेवलं, त्यावर स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचा पेला, चिमटा आणि घडी घातलेला पांढरा नॅपकिन. डॉक्टर दोन पावलं मागे सरले. खोली बघून त्यांना फार बरं वाटलं, फार ओळखीचं वाटलं. आणि मग ती कुठली ओळख ते लक्षात आलं.

तेवढ्यात शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला आले. "अरे वा, नव्या वाटतं!" म्हणत बसले, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं काही दुखत नाहीये हं!" वर्तमानपत्र न घेताच ते गेले.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी काय काय केलं नाही! दिवा उचलून बघितला, तर ठेवायला दुसरी जागाच नाही. पेला हलवला, तर ट्रेमध्ये राहिलेला चिमटा आणखीच भयानक दिसू लागला. तो साखरेचा होता, पण हे कुणाकुणाला सांगत बसणार? तिसरं आसन म्हणून त्यांनी घाईघाईत दवाखान्यातलं चाकांचं स्टूल आणलं, आणि होता तो संशयही उरला नाही. दुकानाला फोन केला, तर दुकान बंद. ताईला केला.

"बसून बघितलंस का?" ताईने विचारलं.

"नाही गं."

"मग आता भोग," म्हणाली ताई आणि फोन ठेवला.

दारावरची घंटा वाजली. अर्ध्या दारातून आधी ग्रंथपालबाई आल्या आणि मागून कडेकडेने, पोट आत घेत, वडील. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. एकही शब्द बोलले नाहीत.

"या, बसा, बसा, आरामात बसा," डॉक्टर म्हणाले. घामेजलेले तळहात त्यांनी विजारीला पुसले. वडील खुर्चीत टेकले. आणि ते नीट बसायच्या आतच डॉक्टरांच्या हाताने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, बाजूची कळ ओढली.

वडील सपकन मागे गेले. पाय वर आले. दिव्याचा झोत थेट तोंडावर पडला. डॉक्टर त्यांच्यावर वाकले आणि भांबावून, मायेने म्हणाले, "अजिबात दुखणार नाही."

वडिलांनी दोन्ही हात गच्च धरले आणि डोळे मिटून घेतले. झालं, डॉक्टरांना वाटलं. नापास.

घाबरलेला माणूस आपल्या जुन्या रस्त्याला लागतो. डॉक्टर बोलत सुटले. "येताना त्रास नाही ना झाला? छान. ऊन होतं का? असणारच. हवा बदललीय सध्या." उत्तराची वाट बघायची त्यांना सवयच नव्हती. ज्यांच्याशी ते दिवसभर बोलत, त्यांच्या तोंडात कापूस असे.

"डॉक्टर," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, "बसा आधी."

त्या स्वतः चाकांच्या स्टुलावर बसल्या होत्या, कारण सोफ्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. उरली होती ती फक्त दुसरी हिरवी खुर्ची. डॉक्टर तिच्यात बसले. आयुष्यात पहिल्यांदा. कोपर कशाला तरी लागलं, पाठ मागे गेली, पाय वर आले, हात कधी घट्ट धरले ते त्यांनाही कळलं नाही. बाई स्टूल सरकवत जवळ आल्या आणि वरून त्यांच्याकडे बघू लागल्या.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"एवढी भीती."

डॉक्टरांना खोटं बोलता येईना. त्या खुर्चीत कुणालाच येत नसावं. "पहिल्यापासून," ते म्हणाले. "माझ्याजवळ येऊन बसलेला प्रत्येक माणूस कधी एकदा इथून सुटतो याची वाट बघत असतो. डोळे मिटून. इतकी वर्षं हेच बघत आलोय मी. मला वाटलं, निदान घरी तरी कुणी आपणहून बसावं. म्हणून चांगल्यातल्या चांगल्या खुर्च्या आणायला गेलो, आणि हे असं झालं." त्यांनी दाराकडे मान वळवली. "तुम्हाला जायचं असेल, तर मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल. पण तुम्ही जा."

"मी उठतेय असं दिसतंय का तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी निरखून बघितलं. त्या उठत नव्हत्या.

"मीही नाही उठत," शेजारून आवाज आला. वडिलांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "उठता येतच नाहीये, हे एक. पण आलं असतं तरी नसतो उठलो. निवृत्त झाल्यापासून पाठीला असा आराम मिळाला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीत जीव मुठीत धरून बसलोय, डॉक्टर. माझ्याशेजारी बसलेला माणूसही असाच घाम पुसायचा. तो दिवा तेवढा बंद करा."

दिवा बंद करायला डॉक्टर उठू गेले, पण त्यांचेही पाय वर अडकले होते. कळ कुठल्या बाजूला आहे ते बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यांना माहीतच नव्हतं.

"राहू दे, पडा दोघंही," म्हणत ग्रंथपालबाईंनी दिवा बंद केला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. कुठे काय ठेवलंय हे त्यांनी विचारलं नाही. एकेक डबा उघडल्याचा आवाज येत राहिला, आणि मग तिथूनच त्या म्हणाल्या, "हा चहाचा डबा फार वर ठेवलाय. माझा हात पोचत नाही. खाली घेऊ या आपण."