सेल्विनचा पुढचा पाय

सेल्विन लेडलॉ मोज्यांवरून घसरत जाऊन बाथरूमच्या दारावर आदळला, तेव्हा नायरी स्वयंपाकघरात भोपळ्याचं सूप ढवळत होती.

"काय पडलं?" तिने तिथूनच विचारलं.

"काही नाही. मीच."

"लागलं का?"

"दाराला विचार."

नायरीने गॅस बारीक केला आणि पॅसेजमध्ये डोकावून पाहिलं. तिचा त्रेसष्ट वर्षांचा नवरा गुळगुळीत लाकडी जमिनीवर एक पाय पुढे, एक पाय मागे असा उभा होता आणि स्वतःच्या पावलांचा फोटो काढत होता. पायांत तिनेच विणलेले राखाडी मोजे होते. विणताना राखाडी लोकर टाचेपाशी संपली, म्हणून टाचा मोहरीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"जमीन घसरडी झालीय का, ते बघत होतो," सेल्विन म्हणाला.

"आपण राहायला आलो तेव्हापासून आहे."

"खात्री केलेली बरी."

नायरी परत सुपाकडे गेली. नवरा खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं. पण निवृत्त माणसाला घरात थोडी खाजगी जागा असावी, असं तिचं मत होतं.

खरी गोष्ट सेल्विनने कुणालाच सांगितली नव्हती. उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. टाके काढताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्की आता विसरा. दोन पाय दोन दिशांना गेले की गुडघा पिळला जातो. हौसच असेल तर स्नोबोर्ड करा. त्यात दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात." आणि त्या हसल्या. सेल्विनला मात्र हसू आलं नाही.

कारण माउंट हॅलर्ड स्की क्लबचा तो माजी अध्यक्ष होता. पहिला बोर्डवाला ब्रॅकनफर्ड गावात उगवला, तेव्हा त्याला डोंगरावर येऊ द्यायचं नाही म्हणून सभेत सगळ्यात मोठा आवाज सेल्विनचाच होता. सभा तो हरला. पुढच्या उन्हाळ्यात श्रमदानात माणसांना डोंगरावर ओढून नेणारा फिरता दोर नव्याने बसवायचा होता, तेव्हा त्याने तो चढणाऱ्याच्या उजव्या हाताला बसवायला लावला. बहुतेक बोर्डवाल्यांचा डावा पाय पुढे असतो आणि त्यांचं तोंड उजवीकडे, म्हणजे दोराकडे येतं. काहींचा मात्र उजवा पाय पुढे असतो. त्यांना 'गूफी' म्हणतात, आणि दोर त्यांच्या पाठीमागे येतो. "उलट्या पायाच्या लोकांनी उलटं यावं," असं अध्यक्षमहाराजांनी तेव्हा जाहीर केलं होतं. फळी बांधायला बर्फात बसलेल्या बोर्डवाल्यांजवळून जाताना तो आणि त्याचा स्कीमित्र वॉलेस मोठ्याने ओरडायचे, "सील माशांची वसाहत! ऊन खातायत बघा!"

आता डोंगर हवा असेल तर सील व्हावं लागणार होतं. आणि डोंगर तर हवाच होता. चाळीस हिवाळे सेल्विनने शनिवार म्हणून दुसरं काही पाहिलं नव्हतं.

म्हणून तो 'बोर्डकट्टा' नावाच्या ऑनलाइन गटात 'म्हातारा केआ' या नावाने शिरला. केआ म्हणजे डोंगरातला तो आगाऊ पोपट, गाड्यांचं रबर कुरतडणारा. त्याने लिहिलं, "माझ्या एका मित्राला या वयात स्नोबोर्ड शिकायचा आहे. कुठला पाय पुढे ठेवायचा हे कसं कळतं?"

उत्तरं यायला वेळ लागला नाही.

"ज्या पायाने चेंडू मारतो, तो मागे."

"साफ चूक. चेंडू मारतो तो पुढे. मी वीस वर्षं असाच उतरतोय."

"म्हणूनच तुझा खांदा दोनदा निखळला."

"मित्र पँट चढवतो तेव्हा आधी कुठला पाय घालतो ते बघ."

"मित्राला पँट चढवताना बघायचं? कसले मित्र तुम्ही?"

दोन दिवस हाणामारी चालली. शेवटी 'घसरगुंडी' नावाच्या सभासदाने निकाल दिला, "हे सगळं बाष्कळ आहे. खरी परीक्षा एकच. माणूस बेसावध असताना त्याला मागून ढकलायचं. सावरायला जो पाय पडेल, तो पुढचा." आणि गटाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं.

सेल्विनपुढे मात्र शास्त्रीय अडचण उभी राहिली. मला ढकल, असं कुणाला सांगितलं की माणूस बेसावध राहत नाही. आणि न सांगता भल्या माणसाला कोण ढकलणार? मग कुणीतरी सुचवलं की मोजे घालून गुळगुळीत जमिनीवर घसरावं, थांबताना पाय कसे राहतात त्याचा फोटो टाकावा, आम्ही सांगू. सेल्विनने तो टाकला, आणि तिथेच घात झाला.

क्लबच्या डोंगरावरच्या लॉजमध्ये बूट दारातच काढायचे असतात. त्यामुळे ब्रॅकनफर्डमध्ये चेहऱ्याइतकेच मोजेही ओळखू येतात. मोहरीच्या टाचांचे मोजे गावात एकाच माणसाचे होते.

गटाची व्यवस्था पाहणारी हिनेमोआ गावातला पेट्रोलपंप चालवायची. फोटो पाहून तिने खाटकाच्या दुकानात फोन लावला. 'घसरगुंडी' म्हणजे तिथला डेस. पोट भलंमोठं, पण बोर्डवर फुलपाखरू.

"डेस, मोजे पाहिलेस?"

"पाहिले. हातातली सॉसेजची माळ खाली पडली माझ्या."

"सेल्विन! बोर्डवर! 'सील माशांची वसाहत' वाला सेल्विन!"

"आता लेकाची अशी फिरकी घेतो की..."

"थांब," हिनेमोआ म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात घाटात माझ्या गाडीच्या चाकांना साखळ्या त्यानेच चढवल्या होत्या. चिखलात उताणा पडून. गुडघा तसा असताना."

डेसने पडलेली माळ उचलली. "माझं फ्रीजर बंद पडलं तेव्हा आपला जनरेटर घेऊन आला होता. मला शिव्या देत, पण आला होता."

"म्हणजे मदत करायची."

"करायची. पण बेसावध."

हिनेमोआने लगेच 'म्हातारा केआ'ला गटातून तात्पुरतं बाहेर काढलं. तपासणी चालू असताना रुग्णाला रिपोर्ट दाखवायचा नसतो, असं तिचं म्हणणं.

पहिला धक्का तिनेच दिला, पंपावर, सकाळी. गोठलेल्या फरशीवर सेल्विनचा डावा पाय पुढे पडला. "सॉरी, सॉरी, माझा पाय घसरला," हिनेमोआ म्हणाली, आणि ते पूर्ण खोटं ठरू नये म्हणूनच की काय, लगेच सपशेल आडवी झाली. सेल्विननेच तिला उठवलं. दुपारी डेसने दुकानात मोठा बर्फाचा खोका उचलण्याच्या निमित्ताने पोटाने ढकललं. उजवा पाय. मग ग्रंथालयात, बँकेच्या रांगेत, शाळेच्या फाटकापाशी. ब्रॅकनफर्डचे बोर्डवाले कामाला लागले, आणि गटात निकाल येऊन पडू लागले.

"डावा."

"बाद. त्याच्या उजव्या हातात बटाट्याची पिशवी होती."

"उजवा."

"बाद. तू डावखुरी आहेस, धक्का तिरका बसला असणार."

"चर्चच्या पायरीवर डावा."

"अरे, चर्चच्या पायरीवर कसले ढकलता म्हाताऱ्याला?"

"पाद्रीसाहेबांनीच ढकललं."

शुक्रवारपर्यंत डावे आणि उजवे बरोबरीत होते. बाद झालेले धरले तरी बरोबरीत आणि सोडले तरी बरोबरीत. गटात दोन पक्ष पडले, आणि दोघांनीही आणखी पुरावा हवा असं ठरवलं.

त्या संध्याकाळी सेल्विन जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने लॉजची किल्ली खिशातून काढून मिठाच्या बाटलीशेजारी ठेवली.

"उद्या ही वॉलेसला देऊन टाकतो," तो म्हणाला.

नायरीने चमचा खाली ठेवला. ती किल्ली तिने आजवर त्याच्या खिशाबाहेर फक्त पँट धुताना पाहिली होती. "काय झालं?"

"माझा तोल गेलाय, नायरी. चालता चालता पुढे कोलमडतो. कधी या पायावर, कधी त्या. लोक बिचारे म्हणतात, चुकून धक्का लागला. पण रोज इतकी माणसं चुकून कशी धडकतील? मीच वेडावाकडा चालत त्यांच्या वाटेत येत असणार."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"काय विचारायचं? वय झालं." मग खाली बघत त्याने बोर्डचं सगळं सांगून टाकलं: मित्र, केआ, मोजे, बाथरूमचं दार. "आणि आता त्या कट्ट्यावरूनही मला काढलंय. बरोबरच आहे त्यांचं. मी तरी त्यांना कुठे येऊ देत होतो?"

नायरीने त्याच्या ताटलीत आणखी एक बटाटा वाढला. त्या घरात गंभीर प्रसंगी असंच करायचे.

सकाळी वॉलेसकडे जाताना सेल्विन पेट्रोलसाठी पंपावर थांबला. नायरी गाडीतच बसली होती. तिने सहज आरशात पाहिलं. सेल्विन पंपापाशी वाकला होता, आणि त्याच्या मागून हिनेमोआ दोन्ही पंजे पुढे करून, मांजराच्या पावलांनी येत होती. हवेच्या नळाआड डेस फोन रोखून उभा होता.

"हिनेमोआ!" नायरी काच खाली करून ओरडली.

हिनेमोआने हात पाठीमागे लपवले. "गुड मॉर्निंग, नायरी. काय थंडी पडलीय, नाही?"

"तू माझ्या नवऱ्याला ढकलत होतीस."

"छे! म्हणजे... आज अजून नाही."

मग मात्र सगळं बाहेर आलं. डेस मान खाली घालून सांगत होता, हिनेमोआ मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होती, आणि सेल्विनचा चेहरा लाल होत होत शेवटी जांभळा झाला.

"अख्खा आठवडा? मला ढकलत होतात? पाद्रीसुद्धा?"

"मदत म्हणून हो, सेल्विन," डेस म्हणाला.

"मी किल्ली द्यायला निघालोय, मूर्खांनो! मला वाटलं माझा तोल गेला!"

हिनेमोआचे डोळे भरून आले. नायरी गाडीतून उतरली आणि तिने डेसच्या हातातला फोन घेतला. चाळीस वर्षं दुधाच्या कारखान्यात नमुने तपासलेली बाई होती ती.

"इथे सगळे पाय लिहिलेत," ती वर-खाली बघत म्हणाली. "हा पडला किती वेळा, ते कुठे आहे?"

डेसने तिच्या खांद्यावरून यादी पुन्हा वाचली.

"ते कुणी लिहिलं नाही," डेस म्हणाला.

"का?"

"कारण तो..." डेस थांबला. "अगं, तो पडलाच नाही. एकदाही."

"गोठलेल्या फरशीवर?"

"तिथेसुद्धा नाही," हिनेमोआ म्हणाली. "तिथे मी पडले."

"चर्चच्या पायरीवर?"

"पाद्रीसाहेब पडता पडता वाचले. यानेच धरलं त्यांना."

सेल्विनने पेट्रोलची नळी जागेवर अडकवली. मग त्याने किल्ली खिशात नीट आत सरकवली, वरून थोपटली, आणि घसा साफ करून म्हणाला, "ते ठीक आहे. पण मग पाय कुठला?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत नायरीने त्याला मागून दोन्ही हातांनी ढकललं. संसारात इतक्या वर्षांत तिने त्याला साधा धक्काही दिला नव्हता. तेव्हा सेल्विन त्या क्षणी जितका बेसावध होता तितका जन्मात कधी नव्हता. हात रिकामे, फरशी सपाट, धक्का सरळ.

उजवा पाय पुढे पडला.

"गूफी," डेस पुटपुटला.

"गूफी," हिनेमोआ म्हणाली आणि तिने ते गटात लिहिलं. कुणीही बाद म्हणालं नाही.

त्याच दुपारी डेसचा जुना बोर्ड पायाला बांधून सेल्विन माउंट हॅलर्डच्या दोरापाशी उभा होता. कमरेच्या पट्ट्याला दोर पकडायचा, अडकित्त्यासारखा लोखंडी चिमटा लटकत होता. हा अडकित्ता त्याने हजारो वेळा डोळे मिटून दोरावर चढवला होता. आज तो चढेना. उजवा पाय पुढे ठेवला की तोंड डावीकडे वळत होतं, आणि दोर पाठीमागून सळसळत निघून जात होता. तो मागे हात घालून चाचपडला, दोर सापडला, अडकित्ता लागला, सेल्विनची गिरकी झाली आणि तो सपाट बर्फात जाऊन बसला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा टोपीही गेली.

"कुठल्या गाढवाने हा दोर या बाजूला बसवलाय?" तो गरजला.

दोरावर लक्ष ठेवायची पाळी डेसची होती. त्याने फक्त आदराने खांबाकडे बोट दाखवलं. तिथे पितळी पाटी होती, आणि पाटीवर अध्यक्षांचं नाव होतं.

सेल्विनने पाटी वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. शेजारी बर्फात बसून फळ्या बांधणारी हिनेमोआ आणि बाकीची मंडळी ओठ दाबून दरीकडे बघत होती.

"सरका जरा," तो शेवटी म्हणाला आणि त्यांच्यात जाऊन बसला. हिनेमोआने त्याच्या टोपीतला बर्फ झटकून ती त्याला दिली. नायरीने लॉजमधून पाठवलेल्या सुपाचा थर्मास हातोहात फिरला. ऊन छान होतं.

इतक्यात वरून वॉलेस स्कीवर झोकात उतरत आला आणि जवळून जाताना नेहमीसारखाच ओरडला, "सील माशांची वसाहत! ऊन खातायत बघा!"

सेल्विनने सुपाचा घोट घेतला आणि शेजारच्यांकडे वळून हळहळत म्हणाला, "या स्कीवाल्यांना ना, मुळी रीतभातच नाही."