चाकाला चुना

उजव्या पुढच्या टायरची नक्षी आतल्या कडेला दोन सूत खोल होती आणि बाहेरच्या कडेला अर्धा सूतही उरली नव्हती. मास्तरीण कमळाबाईंनी शाळेची लाकडी पट्टी धरून ते दोनदा मोजलं, खात्रीसाठी पट्टी उलटी करून तिसऱ्यांदा मोजलं आणि मगच त्या उठल्या. डाव्या टायरची नक्षी दोन्ही कडांना सारखी होती.

“तीन म्हैन्यामागं घातल्यात दोनी,” मोटारीचे मालक रखमाजी शेट म्हणाले. “पुन्याला सात खेपा केल्या तवा परमिट गावलं. आता लढाई सरंपतूर तिसरा मिळायचा न्हाई.”

त्रेचाळीस साल होतं. रबर लढाईवर गेलं होतं आणि पेट्रोलही. शेटांची मोटार उतारू घेऊन शिवऱ्याहून भोरला आणि भोरहून आंबवड्याला जाई ती कोळशाच्या गॅसवर. मागच्या बाजूला बंबासारखी भट्टी बसवलेली होती. इंजिन एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास लागे, म्हणून वाटेत ते कधीच बंद करत नसत. आणि ते सुरू असताना काही बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे.

“ह्यो टायर फुटला की मोटार उभी,” शेट कुंडलिक ड्रायव्हरला म्हणाले. “आन मोटार उभी राह्यली तर तूबी घरी. पंधरा दिसांत कारन सांग. न्हाईतर क्लीनर सोनबाच्या हातात चाक देतो.”

कुंडलिकने मान हलवली. तो चाळिशीचा, सडपातळ आणि मितभाषी होता. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. टायर एकाच कडेला का झिजतो हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं ते फक्त त्यालाच. उतारूंपैकी प्रत्येकाकडे कारण तयार होतं. पहिलं बोट गेलं बनाबाईकडे. डोंगरातल्या वाडीवरून भोरच्या बाजाराला लोणी आणणारी बनाबाई नेहमी ड्रायव्हरच्या मागे, उजव्या बाजूला बसे आणि दोघींची जागा घेई.

“माज्या बुडाखाली चाक हाय व्हय?” बनाबाई म्हणाली. “आन असलं तरी एकाच कडंला कसं झिजंल? म्या काय कडंवर बसते?”

प्रश्न बिनतोड होता, तरी तिला डावीकडे हलवलं. आठ दिवसांनी कमळाबाईंनी पट्टी लावली. उजवी कड आणखी झिजली होती, डाव्या टायरला काहीच झालं नव्हतं.

“बगा,” बनाबाई म्हणाली आणि लोण्याच्या गाडग्यासकट परत उजवीकडे आली.

मग कुणीतरी म्हणालं, उजवीकडे तर ड्रायव्हर बसतो. लगेच कुंडलिकला शिवऱ्याला गुळाच्या काट्यावर उभं केलं. तो भरला एक मण सोळा शेर.

“एवड्यानं सायकलचा टायर झिजायचा न्हाई,” काटेवाला म्हणाला.

कमळाबाईंनी दोन्ही चाकांची अदलाबदल करायला सांगितली. आंबवड्याच्या शाळेत त्या मुलांना गणित शिकवत, रोज सकाळी भोरहून जात आणि संध्याकाळी परत येत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: खोट टायरमध्ये असेल तर ती टायरबरोबर डावीकडे जाईल. पण ती गेली नाही. आता उजवीकडे आलेला चांगला टायर झिजू लागला.

“दोनी बाद झालं की,” शेट हताशपणे म्हणाले.

“पण खोट टायरात नाही हे तर कळलं,” कमळाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

शेटांना तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी लोहाराला आणून पुढच्या चाकांमधला दांडा ठोकून घेतला. त्यानंतर दोन दिवस मोटार भोरला निघाली की नदीकडे वळायची. तिसऱ्या दिवशी लोहाराने दांडा होता तसा पुन्हा ठोकला आणि दोन्ही कामं चोख झाल्याचं सांगितलं.

या सगळ्या धामधुमीत कुंडलिकची एकच गोष्ट बदलली नव्हती. आंबवड्याहून परतताना मोटार रतनबाईच्या चहाच्या दुकानाशी थांबे. दुकान उजव्या हाताला, उंच दगडी पायऱ्यांचं. उतारू मागच्या दाराने उतरून दुकानात जात. कुंडलिक मात्र जागेवरच बसून राही आणि रतनबाई पायरीवर येऊन त्याच्या हातात कपबशी देई. ती विधवा होती, दुकान एकटी चालवी. कप देता घेता तो दोन शब्दांचा प्रश्न विचारी आणि ती एका शब्दाचं उत्तर देई. इंजिनाच्या घरघरीत ते दोघांखेरीज कुणाला ऐकू गेलं नव्हतं. दीड वर्ष हे चाललं होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी कमळाबाई चाकाशी बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

“इथं बघा,” त्या म्हणाल्या. “ओरखडे कडेच्याही वर गेलेत, टायरच्या अंगावर. रस्ता एवढा वर येत नाही. चाक बाजूने कशाला तरी घासतंय.”

“कशाला?” शेटांनी विचारलं.

“तेच आज बघायचं. बाहेरच्या अंगाला चुना लावा. प्रत्येक थांब्याला उतरून बघू. आणि कुंडलिक, मोटार दर वेळी रस्त्याच्या मध्येच उभी करायची, म्हणजे चाकाभोवती फिरता येईल.”

चाकाला चुना लागला. शेट स्वतः मोटारीत बसले. उतारूंच्या अंगात वारं शिरलं होतं. मोटार थांबली रे थांबली की सगळे उड्या टाकून चाकाकडे धावत. “चुना हाय का?” “हाय की.” “सगळा?” “सगळा.” ज्यांना अलीकडे उतरायचं होतं तेही तिकीट वाढवून पुढे आले. आंबवड्याला चुना शाबूत होता. तिथे पोरं, म्हातारे आणि एक जत्रेला निघालेलं कुटुंबही चाक पाहून गेलं.

संध्याकाळी परतताना रतनबाईचं दुकान आलं. सांगितल्याप्रमाणे कुंडलिकने मोटार रस्त्याच्या मधोमध उभी केली. पायरी सहा हातांवर राहिली. रतनबाई कपबशी घेऊन बाहेर आली आणि थबकली.

उतारू चाकाभोवती जमले.

“चुना हाय,” बनाबाईने जाहीर केलं. “मोटार कुटंबी घासत न्हाई. आता वो बाई?”

कमळाबाई गोंधळल्या. रोज झिजणारं चाक नेमकं आज का झिजलं नाही? आज वेगळं काय केलं? त्यांनी चाकापासून पायरीपर्यंतचं अंतर पाहिलं, मग पायरी पाहिली. खालच्या दगडाच्या कडेवर, टायरच्या उंचीला, एक काळा पट्टा होता, चांगला हातभर. त्यांनी त्यावर बोट ओढलं. बोटाला रबर लागलं.

“शेट,” त्या म्हणाल्या, “तुमचे टायर इथं आहेत.”

शेटांनी दगड पाहिला. मग ते खिडकीशी गेले. “पायरीला चाक घासतोस? एवडा रस्ता मोकळा असताना? कशापायी?”

कुंडलिकने दगडाकडे पाहिलं. त्याचा चेहराच सांगत होता की हे त्यालाही आत्ताच कळलं. पण कशापायी हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं आणि तेच त्याला सांगता येईना.

“बोल. न्हाईतर उद्याच्याला सोनबा ईल.”

“ओ शेट,” रतनबाई त्यांना हाताने पायरीशी बोलावून म्हणाली. “त्यास्नी नका बोलू. यंजिनाच्या आवाजात माजं बोलनं ऐकू येत न्हाई, म्हनून जवळ येत्यात.”

“अगं, च्या देताना काय बोलायचं असतंय?” मागोमाग पायरीशी आलेल्या बनाबाईने विचारलं.

“ते इचारत्यात, काय ठरलं. म्या म्हनते, बघू.”

उतारूही पायरीशी सरकले. इंजिन घरघरत होतं.

“दीड वरीस बघू?” बनाबाई म्हणाली. “अगं, दोन टायर गेलं की तुज्या बघूपायी.”

रतनबाईने काळ्या पट्ट्याकडे पाहिलं, मग रस्त्याच्या मधोमध मोटारीत बसलेल्या कुंडलिककडे. हातातला चहा निवत होता. ती काहीतरी म्हणाली.

कुंडलिकने खिडकीतून मान बाहेर काढली आणि कानाशी हात नेला. “काय?”

ती पुन्हा म्हणाली.

“काय?”

रतनबाईने कपबशी पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि इंजिनाच्या वर आवाज काढला.

“व्हय म्हनते म्या. लावू पाट. आन उद्यापासनं मोटार लांब लावा.”